खूण आणि कारण : मेंढी, विषाणू आणि आपलं अनुमान

(नागपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा मला फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर तुम्ही आम्हाला न्यायदर्शन शिकवलं, आता मेंढरं?" त्याला मी म्हटलं, बाबा रे, न्यायदर्शनात जे शिकवलं तेच मला मेंढरांपाशी गेल्यावर समजलं. आणि समजलं ते चूक करून समजलं. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

दिवाळीनंतर आपल्या भागात शेतं मोकळी होऊ लागली की मेंढरांचे कळप दिसायला लागतात. कुठे आपले धनगर असतात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुर्मार असतात, आणि उंटांवर संसार लादून आलेले कच्छकडचे रबारीही असतात. शेतकरी रात्रीपुरती मेंढरं शेतात बसवून घेतो, त्याला खत मिळतं. मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. निवृत्तीनंतर मला सकाळी लांब फिरायची सवय लागली, आणि अशाच एका तळावर एका वृद्ध धनगराशी ओळख झाली. त्यांना मी बाबा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात.

एकदा बाबांनी मला एक काळी मेंढी दाखवली. म्हणाले, "मास्तर, दोन वेळा रोग आला. नाकातोंडातून पाणी, तोंडात फोड, हगवण, अन् मग मेंढरू बसलं की उठत नाही. आजूबाजूची गेली, पण हिला काही झालं नाही. असं काही असते का हो, रक्तातच?" त्यांच्या मनात त्या मेंढीच्या पोटचा नर कळपाला ठेवायचा होता. मी शिकलेला माणूस! मी म्हटलं, "हो बाबा, अनुवंश म्हणतात त्याला. असणारच."

एवढंच बोललो. दोन शब्द. पुढच्या वर्षी भेटलो तेव्हा बाबा गप्प होते. त्यांनी बाकीचे नर विकले होते, त्या मेंढीचा नर ठेवला होता. आणि "या वाणाला रोग लागत नाही, मास्तरही म्हणाले," म्हणून त्या वर्षी लस टोचायला ते थांबले नाहीत, पुढे निघून गेले. तेवीस कोकरं गेली. त्या नराची. बाबा मला एक अक्षर बोलले नाहीत. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून मी या विषयाचं वाचत गेलो, पशुवैद्यांना विचारत गेलो. आज जे सांगणार आहे ते त्या दोन शब्दांची दुरुस्ती आहे असं समजा.

ती मेंढी का वाचली?

डॉक्टरांनी सांगितलं की तो रोग पीपीआर होता. आपल्याकडे जुनी माणसं गुरांच्या रोगाला बुळकांडी म्हणायची, तिचा हा शेळ्या-मेंढ्यांमधला भाऊ. दोन्ही विषाणू एकाच कुळातले. आफ्रिकेत १९४२ साली या रोगाची पहिली नोंद झाली. भारतात तो १९८७ साली तमिळनाडूत अरासूरच्या मेंढ्यांमध्ये ओळखला गेला. पुढे तो देशभर पसरला. गुरांची बुळकांडी २०११ साली जगातून गेली. पीपीआरही २०३० पर्यंत घालवायचा, असं जागतिक संघटनांनी ठरवलं आहे.

आता या विषाणूचा एक गुण लक्षात घ्या. त्यातून जी मेंढी वाचते, तिच्या शरीरात त्याच्याविरुद्ध जी शक्ती तयार होते ती बहुतेक जन्मभर टिकते. बाबांची ती मेंढी कोकरू असताना, किंवा कुणाच्या लक्षात न येता, एकदा हा रोग काढून बसली असणार. पुढच्या दोन्ही साथींत ती मजेत होती. ही शक्ती तिने कमावलेली होती. आणि कमावलेली शक्ती पोटच्या लेकरांना वारशाने मिळत नाही. आईच्या चिकातून थोडी मिळते, ती तीन-चार महिने पुरते, मग संपते. नराकडून तर तेवढीही मिळत नाही. ती तेवीस कोकरं चार-पाच महिन्यांची होती. म्हणजे अगदी लस टोचायच्या वयाची!

एखादं जनावर साथीत वाचलं, तर त्याला निदान तीन कारणं असू शकतात. एक, त्याच्यापर्यंत रोग पोचलाच नाही; कळपाच्या कडेला चरत होतं, नशीब. दोन, आधी रोग होऊन गेला किंवा लस झाली होती, कमाई. तीन, त्याच्या वाणातच काही आहे, वारसा. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही मेंढ्या सारख्याच दिसतात. पैदाशीच्या उपयोगाची फक्त तिसरी.

आपल्या नैयायिकांकडे याला शब्द आहे: उपाधी. धूर दिसला की आग आहे असं म्हणता येतं. पण उलट, आग आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर कुठे आहे? धूर यायला इंधन ओलं लागतं. ते ओलं इंधन म्हणजे उपाधी, अनुमानात लपून बसलेली अट. मी वर्गात हे उदाहरण किती वेळा दिलं असेल! आणि तळावर उभा राहून तीच चूक केली. मेंढी वाचली, म्हणून वाण चांगला. मधली अट मला दिसली नाही.

मग शास्त्रज्ञ ही तिन्ही कारणं वेगळी कशी करतात? एका मेंढीकडे पाहून होत नाही. एकाच कळपातल्या, एकाच वयाच्या, सारख्याच संपर्कात राहिलेल्या मेंढ्या घ्यायच्या. एक बाधित, एक अबाधित, अशा जोड्या लावायच्या. किंवा अनेक नर घ्यायचे, प्रत्येकाच्या पंचवीस-पन्नास लेकी सारख्याच परिस्थितीत वाढवायच्या, आणि कुठल्या नराच्या लेकी कमी आजारी पडतात ते मोजायचं. आया वेगळ्या, चरणं एकच, साथ एकच. तरीही एका बापाच्या लेकी सातत्याने सरस ठरल्या, तर वारसा आहे म्हणायला जागा होते. गोष्ट नोंदींची आहे, आणि धीराची आहे.

पानठेला आणि घर

आता "खूण" या शब्दाकडे येऊ. इंग्रजीत ज्याला जेनेटिक मार्कर म्हणतात, त्याला मी साधं जनुकीय खूण म्हणतो. योगायोग बघा, न्यायशास्त्रात ज्याच्यावरून अनुमान करायचं त्याला "लिंग" म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ खूण असाच आहे.

प्रत्येक पेशीत डीएनएचे लांबच लांब धागे असतात, चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेले. मेंढीत अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरं आहेत. दोन मेंढ्यांमध्ये बहुतेक मजकूर सारखा, पण जागोजाग एखादं अक्षर वेगळं. ही वेगळी अक्षरं म्हणजे खुणा. त्यातल्या बहुतेक खुणा स्वतः काहीही करत नाहीत. मग त्यांचा उपयोग काय?

समजा तुमच्या मित्राचं घर रामदासपेठेत आहे. तो सांगतो, "समोर पानठेला आहे, तिथे थांब." तुम्ही पानठेला शोधता. पानठेला म्हणजे मित्र नव्हे, पण तो दिसला की मित्र जवळ आहे. जनुकीय खूण बहुधा अशीच, शेजारची असते. खरं काम करणारा जनुक घरात बसलेला, आणि आपण पानठेला ओळखून ठेवलेला.

आता पानठेला हलतो, हे नागपूरकराला सांगायला नको. पालिकेची गाडी आली की पलीकडच्या चौकात! धाग्यांचंही तसंच. आईकडून आलेला धागा आणि बापाकडून आलेला धागा पुढच्या पिढीत जाताना आपसांत तुकडे बदलतात. खूण आणि जनुक खूप जवळ असतील तर क्वचित ताटातूट होते, दूर असतील तर वारंवार होते. शिवाय दुसऱ्या जातीच्या मेंढीत तीच खूण वेगळ्याच घरासमोर उभी असू शकते. खूण आणि जनुक यांची ही सोबत म्हणजे व्याप्ती. ती कायमची नसते, आणि सर्वत्र तर नसतेच.

म्हणून शेजारच्या खुणेपेक्षा प्रत्यक्ष कारण असलेलं अक्षर सापडलं तर सोनं. याचं एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. ते रोगाचं नाही, जुळ्यांचं आहे, पण खुणेवरून पैदास कशी करतात हे त्यातून स्वच्छ कळतं, म्हणून सांगतो.

बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची छोटीशी मेंढी असते. ती एका वेळी दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून बंगालच्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. दीडशे वर्षांनी तिथल्या बुरूला नावाच्या शेतावर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप प्रसिद्ध झाला, कारण त्या जुळी-तिळी देत होत्या. १९९३ साली या गुणाशेजारच्या खुणा सापडल्या, म्हणजे पानठेला सापडला. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी प्रत्यक्ष घर शोधलं: एका प्रथिनातल्या २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. एका अक्षराचा फरक! त्या जनुकरूपाचं नाव फेक-बी. आणि तेच अक्षर आपल्या गरोळमध्येही मिळालं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली काढलेल्या संस्थेने, गरोळ मेंढ्या आणून हा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांची त्यात साथ होती. गरोळ अंगाने लहान, दख्खनी मोठी. म्हणून प्रत्येक पिढीत पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी संकर करायचा, आणि रक्त तपासून ते एक अक्षर ज्यांच्यात आहे तेवढेच नर ठेवायचे. नराला तर कोकरं होत नाहीत. त्याच्यात जुळ्यांचा गुण आहे की नाही हे नुसतं पाहून कसं कळणार? तिथे खुणेचं मोल. या मेंढीचं नाव "नारी सुवर्णा". दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांत सरासरी दीडाच्या आसपास जाते. मेरिनोमध्ये ही वाढ याहून जास्त होते. आणि दीडच बरं! भटक्या कळपातल्या मेंढीला चार कोकरं झाली तर दूध कुठून आणायचं?

हे यश का आलं? गुण एकाच जनुकाचा होता, परिणाम मोठा होता, आणि प्रत्यक्ष कारण हाती होतं. रोगप्रतिकाराच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकदम क्वचितच मिळतात.

आइसलंडचे वीस मेंढे

विषाणूविरुद्ध अशी खूण कुठे सापडली आहे का? सापडली आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय ती खूण समजत नाही.

१९३३ साली आइसलंडने जर्मनीतल्या हाले गावाहून कराकुल जातीचे वीस मेंढे आणले. हेतू चांगला होता, वाण सुधारायचा. मेंढे धडधाकट दिसत होते, काही आठवडे त्यांना वेगळंही ठेवलं. मग ते गावोगाव वाटले. काही वर्षांत मेंढ्यांना धाप लागू लागली, त्या खंगून मरू लागल्या. तिथल्या भाषेत धापेला "मेदी" आणि खंगण्याला "विस्ना" म्हणतात. तीच त्या रोगाची नावं झाली. लाखाहून जास्त मेंढ्या गेल्या. रोग आटोक्यात आणायला साथीच्या टापूतले कळपच्या कळप कापावे लागले, सहा लाखांहून जास्त. १९६५ पर्यंत ते चाललं. एवढ्याशा देशाचं काय झालं असेल!

तिथल्या ब्यर्न सिगुर्दसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली यावरून "मंद संसर्ग" ही कल्पना मांडली. विषाणू शरीरात शिरतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो, मग हळूहळू पोखरतो. पुढे माणसांतला एचआयव्ही सापडला, तो याच कुळातला निघाला.

आता मला तुमचं लक्ष त्या वीस मेंढ्यांकडे वेधायचं आहे. त्यांच्यात विषाणू होता, पण ते आजारी दिसत नव्हते. आपल्या बाबांनी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं? "याला काही होत नाही. हाच ठेवा." म्हणजे ज्याला आपण सरसकट "प्रतिकार" म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक खरा प्रतिकार: विषाणू शिरतच नाही, किंवा शिरला तरी वाढत नाही. दुसरी सहनशीलता: विषाणू आत नांदतो, बाहेरही पडतो, पण त्या जनावराला त्रास होत नाही. मालकाला दोन्ही सारख्याच वाटतात. शेजाऱ्याला नाही! खऱ्या प्रतिकाराची मेंढी साथ थांबवते. सहनशील मेंढी साथ वाहून नेते.

लांब जायला नको. नीलजिव्हा म्हणजे ब्लू टंग घ्या. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ साली आपल्या महाराष्ट्रातूनच झाली. पावसाळ्यात बारीक चिलटं चावतात, त्यांच्यातून विषाणू पसरतो. मेंढीचं तोंड सुजतं, पाय धरतात, कधी जीभ निळी पडते. तोच विषाणू गाईत शिरतो तेव्हा गाय बहुधा निवांत रवंथ करत उभी असते. पण तिचं रक्त पिऊन चिलटं मेंढरांकडे जातात. गाईची सहनशीलता मेंढीच्या मुळावर. याच रोगाचं एक जुनं निरीक्षण आहे: दक्षिण आफ्रिकेत युरोपातून मऊ लोकरीच्या मेंढ्या गेल्या तेव्हा त्या पटापट मेल्या, स्थानिक मेंढ्या मात्र तगल्या. म्हणजे तगण्याचा वारसा असतो, हे खरंच. प्रश्न तो कुठल्या प्रकारचा, हा आहे.

आता ती खूण. २०१२ साली अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या सरकारी पशुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदी-विस्नाच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या मेंढ्यांच्या जोड्या लावून हजारो खुणा तपासल्या. बोट एका जनुकावर गेलं, त्याचं नाव टीएमईएम १५४. त्याच्या प्रथिनात ३५ व्या जागी ग्लुटामेट असेल तर मेंढीला संसर्ग होण्याचा धोका जास्त. दोन्ही प्रतींत तिथे लायसिन असेल तर कमी. हे प्रथिन पेशीत नेमकं काय करतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी चाचणी उपयोगाची ठरली. रक्त तपासून नर निवडता येऊ लागले. आणि लक्षात घ्या, त्यांनी "आजारी दिसते का" असं विचारलं नाही, "संसर्ग झाला का" असं विचारलं. प्रश्न नेमका, म्हणून उत्तर नेमकं.

पण पुढच्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं की विषाणूच्या काही उपजाती या "कमी धोक्याच्या" मेंढ्यांनाही गाठतात. विषाणूही बदलतो ना! आपण कुलूप बदललं की तो किल्ली घासत बसतो. म्हणून खुणेची व्याप्ती तपासताना नुसती मेंढी पाहून चालत नाही, समोर कुठला विषाणू आहे तेही पाहावं लागतं.

असाच दुसरा धडा स्क्रेपीचा. हा मेंदूचा रोग, मेंढी अंग घासत घासत मरते. बराच काळ यालाही मंद विषाणूच मानत. १९८२ साली प्रुसिनर यांनी दोषी प्रथिनाची म्हणजे प्रायॉनची कल्पना मांडली. या रोगाविरुद्ध एका जनुकाची एआरआर नावाची प्रत फार प्रभावी निघाली. ब्रिटनने २००१ साली राष्ट्रीय योजना काढली, नर तपासले, धोक्याची प्रत असलेले पैदाशीतून काढले. युरोपात इतरत्रही तसं झालं. जुनी स्क्रेपी खूप कमी झाली. खुणेवरून रोग हटवण्याचं हे जगातलं सर्वांत मोठं उदाहरण. पण १९९८ साली नॉर्वेत स्क्रेपीचा एक वेगळा प्रकार सापडला, आणि तो एआरआरवाल्या मेंढ्यांनाही होतो. एका रोगासाठी चांगली प्रत म्हणजे "चांगली प्रत" नव्हे.

मग आपण काय करायचं?

खुणेला नावं ठेवायला मी आलेलो नाही. फलटणचं काम पाहिलं की मान आदराने झुकते. पण उद्या कुणी तुमच्या गावात येऊन सांगेल की "हा नर घ्या, याच्यात रोगप्रतिकाराचा जीन आहे", तेव्हा त्याला चार प्रश्न विचारायचे.

पहिला: कुठल्या रोगाविरुद्ध? नाव सांगा. "सगळ्या रोगांविरुद्ध" असं कुणी म्हणालं की चहा पाजून वाटेला लावायचं.

दुसरा: ही खूण पानठेला आहे की घर? पानठेला असेल तर आमच्या दख्खनीत, आमच्या माडग्याळमध्ये तो कुठे उभा आहे, हे तपासलं आहे का?

तिसरा: मेंढी विषाणू अडवते की नुसती सहन करते? माझी वाचेल, पण तळाशेजारच्याची?

चौथा: या एका गुणापायी काय गमावतो? एकच नर सगळ्या कळपाला लावला की दोन पिढ्यांत नात्यात पैदास सुरू होते. शिवाय आज निरुपयोगी वाटणारं अक्षर उद्याच्या विषाणूविरुद्ध उपयोगी पडू शकतं. आपल्या काळ्या दख्खनीच्या लोकरीला आज भाव नाही, घोंगडी कोण घेतं? म्हणून ती मागे पडते आहे. पण दुष्काळ, उन्हातली पायपीट आणि शतकानुशतकांच्या साथी या तिच्या रक्तात लिहिल्या गेल्या आहेत. न वाचलेली पोथी रद्दीत घालू नये.

आणि सर्वांत आधी लस. पीपीआरसाठी मेंढपाळाने रक्त द्यावं आणि "हा नर ठेवा" असं उत्तर मिळावं, अशी वापरातली चाचणी आपल्याकडे नाही. लस आहे, आणि ती आपल्याच देशातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन केंद्रात तयार झालेली आहे. एका टोचणीत अनेक वर्षं पुरते. मेंढपाळ चालता राहतो, लस थंड ठेवावी लागते. या दोघांची गाठ घालून देणं हे अवघड काम आहे, आणि ते जनुकाहून कमी महत्त्वाचं नाही. कोकरू तीन-चार महिन्यांचं झालं की कळप कुठल्या तालुक्यात आहे, हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, तेही देतो.

एका तरुण पशुवैद्यक विद्यार्थ्याने विचारलं: "सर, आता तर जनुकात थेट बदल करता येतो. मग खुणा शोधत कशाला बसायचं?" उत्तर: बदल कुठे करायचा हे कळायला आधी कारण कळावं लागतं. डुकरांच्या पीआरआरएस रोगात विषाणू पेशीवरच्या सीडी १६३ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो, हे नक्की कळलं. मग त्या प्रथिनाचा तेवढाच भाग काढून टाकलेली डुकरं तयार झाली, आणि २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांना मान्यता दिली. तिथे दाराची कडीच काढली. कारण हाती आल्यावर हे होतं, नुसत्या खुणेवर होत नाही. आणि माझे चार प्रश्न तिथेही विचारायचेच.

दुसरा प्रश्न एका बाईंचा होता: "त्या बाबांना तुम्ही नंतर काय सांगितलं?"

सांगतो. मी गेलो, आणि म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. ती मेंढी आधी रोग काढून बसली असावी, म्हणून वाचली. ते पोरांना जात नाही." त्यांनी बराच वेळ विडी ओढली. मग म्हणाले, "म्हणजे तिनं भोगून कमावलेलं तिच्यासंगंच जाते." मी म्हटलं, हो. चाळीस वर्षं शिकवून मला हे एका वाक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

मग त्यांनीच विचारलं, "अन् खरंच रक्तातलं असलं तर कसं कळंल?" मी सांगितलं की वेगवेगळे नर ठेवा, कुठल्या नराची कुठली लेक हे लक्षात ठेवा, साथीत कोण आजारी पडलं ते नातवाकडून वहीत लिहून घ्या, आणि लस मात्र सगळ्यांना. त्यावर हसले. "लेकी कोणाच्या कोण हे लिहायला कशाला पायजे मास्तर, शंभर मेंढरांची सोयरीक तोंडपाठ आहे." आणि त्यांनी खरोखरच एकेका मेंढीकडे बोट दाखवून आई, आजी, बाप सांगायला सुरुवात केली.

मी खिशातून कागद काढला आणि लिहून घेऊ लागलो.